वरचा जबडा काढल्यानंतर पुन्हा दात बसवताना: ऑपरेशनच्या आधीपासून गावी परतेपर्यंत

वरच्या जबड्याचे हाड काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला प्रश्न जिवाचा निघतो आणि तो तसाच निघायला हवा. दातांचा विषय निघतो तो टाके निघाल्यावर, जेवायला बसल्यावर, पाण्याचा पहिला घोट नाकातून बाहेर आला म्हणजे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. जबडा काढणे किंवा गालाच्या हाडात इम्प्लांट, म्हणजे दातांना आधार देणारा धातूचा स्क्रू, बसवणे हे माझे काम नव्हे. ते नागपूर, वर्धा किंवा मुंबईला होते. मात्र तिथून परतलेले रुग्ण पुढची अनेक वर्षे माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना सुरुवातीलाच कुणीतरी सांगायला हवे होते अशा गोष्टी मी इथे क्रमाने लिहीत आहे.

आधी जागा समजून घ्यावी. वरचा जबडा म्हणजे केवळ दात धरून ठेवणारे हाड नव्हे. तोंडाचे छत म्हणजे टाळू, नाकाचा तळ, गालाच्या आतली सायनसची पोकळी आणि डोळ्याखालचा आधार, हे सगळे त्याच हाडाचे भाग आहेत. त्यामुळे ते काढले की तोंड आणि नाक एक होते. घास नाकात जातो, शब्द गेंगाणे उमटतात, गाल आत बसतो. आपल्या भागात हे ऑपरेशन प्रामुख्याने खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणि तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगासाठी होते. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले, त्यात मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या अनेकांचा वरचा जबडा गेला. काही थोड्या जणांच्या बाबतीत हाडात वाढणारी, कर्करोग नसलेली गाठ हे कारण असते. कारण कोणते, यावर पुढचे वेळापत्रक ठरते.

पहिली पायरी: ऑपरेशनच्या आधी दातांच्या डॉक्टरांची भेट

हीच पायरी सर्वांत जास्त चुकते आणि नंतर ती भरून काढता येत नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याच आठवड्यात कृत्रिम दंतशास्त्र विभागाच्या डॉक्टरांना भेटण्याचा आग्रह धरावा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आणि सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालयात असे विभाग आहेत. ऑपरेशन दुसऱ्या रुग्णालयात होणार असले तरी तिथल्या सर्जनची चिठ्ठी घेऊन माप देण्यासाठी जाता येते.

या भेटीत वरच्या आणि खालच्या दातांचे माप घेतात. त्या मापावर सर्जन किती हाड काढणार याची रेघ आखतात आणि ऑपरेशनच्या टेबलावरच बसवता येईल अशी प्लेट आधी तयार करून ठेवतात. तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. माझे रुग्ण तिला ‘टाळूची प्लेट’ म्हणतात आणि मीही यापुढे तेच म्हणेन. ही प्लेट पहिल्या दिवसापासून असली तर जखमेतले पॅकिंग जागेवर राहते, रुग्ण लवकर गिळू लागतो आणि अन्नासाठी घातलेली नाकातली नळी लवकर निघू शकते. शुद्धीवर आल्यावर स्वतःचे बोलणे इतरांना कळते आहे, याने माणसाला किती धीर येतो हे पाहिल्याशिवाय कळायचे नाही.

दुसरे म्हणजे उरणाऱ्या दातांचा हिशेब याच भेटीत करून घ्यावा. ऑपरेशननंतर जे दात तोंडात राहतील त्यांच्यावरच प्लेट टेकणार असते. त्यामुळे एकेक चांगला दात, विशेषतः सुळा आणि मागच्या दाढा, सोन्याच्या मोलाचा असतो. ‘नाहीतरी जबडा काढणारच आहेत’ म्हणून गावातच सगळे दात उपटून घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत; त्यांचे पुढचे काम दुप्पट अवघड झाले. याउलट, हलणारे आणि पू धरलेले दात किरणोपचार, म्हणजे शेक, सुरू होण्याआधीच काढून जखम भरून यायला दोनेक आठवडे मिळाले पाहिजेत. ऑपरेशननंतरचा शेक साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू करतात, म्हणून या कामाला फार अवधी नसतो.

दुसरी पायरी: पहिले सहा महिने

या काळात इम्प्लांटचा विचार बाजूला ठेवून प्लेटवर लक्ष द्यावे. पहिली प्लेट आठवडा-दहा दिवसांनी काढून जखम साफ करतात आणि दुसरी, तात्पुरती प्लेट देतात. जखम आकसत जाते तशी ती वारंवार आतून भरून दुरुस्त करावी लागते. जखम स्थिरावली की, म्हणजे साधारण तीन ते सहा महिन्यांनी, आणि शेक घेतला असेल तर त्याहून उशिरा, कायमची प्लेट होते. हिचा आत जाणारा फुगवटा वजन कमी ठेवण्यासाठी आतून पोकळ करतात. पुढे कधी ती प्लेट अचानक जड लागू लागली, हलवल्यावर आत पाणी वाजू लागले किंवा धुऊनही वास जाईना, तर फुगवट्याला चीर पडून आत पाणी शिरले आहे असे समजावे.

सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्लेट फार वेळ बाहेर ठेवू नये. माझ्या ओळखीच्या एक काकू पुतणीच्या लग्नाला गेल्या, प्लेट घरीच डबीत राहिली, आणि दोन दिवसांनी ती बसेना. जखमेची कातडी तेवढ्यात आवळली होती. पुन्हा माप, पुन्हा नागपूरच्या चार चकरा. प्लेट काढाल तेव्हा ती झाकणाच्या डबीत पाण्यात ठेवावी. कोरडी पडली की तिचा आकार बिघडतो, आणि उघडी ठेवली तर कुत्रे किंवा उंदीर ती पळवतात. हे गमतीने लिहिलेले नाही. वैशाखात मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये आणि उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नये. धुण्यासाठी साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. टूथपेस्टने चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी बसते.

टाळूच्या पोकळीत खपल्या धरतात, त्या बोटाने किंवा काडीने ओढू नयेत. उकळून कोमट केलेल्या ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने, डोके पुढे वाकवून दिवसातून दोन-तीन वेळा पोकळी धुवावी. पाणी नाकातून आले तर घाबरू नये, ते तसेच यायचे असते. पहिल्या वेळी नर्सकडून हे करून दाखवायला सांगावे आणि घरातल्या एकाने तरी ते शिकून घ्यावे.

खाण्यात ज्वारीच्या कण्या, आंबील, वरणात कुस्करलेला भात, मऊ खिचडी, ताकात भिजवलेली भाकरी चालते. घास लहान घ्यावा आणि ज्या बाजूचे हाड शाबूत आहे त्या बाजूने चावावे. चिवडा, भाजलेले शेंगदाणे, तर्रीपोह्यांतली कडक शेव हे सगळे पुढे ढकलावे.

आता तोंड उघडण्याविषयी, कारण पुढे इम्प्लांट होणार की नाही हे पुष्कळदा इथेच ठरते. ऑपरेशनने आणि शेकाने जबड्याचे स्नायू आखडतात. खर्रा खाणाऱ्यांचे तोंड तर अनेकदा आधीच आवळलेले असते. आपलीच तीन बोटे उभी करून समोरच्या दातांमध्ये जात असतील तर तोंड ठीक उघडते असे समजतात. गालाच्या हाडात इम्प्लांट बसवताना लांबलचक ड्रिल तोंडात तिरके न्यावे लागते. दोन बोटेही जात नसतील तर सर्जनला वाव राहत नाही. म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरण्याचा व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा करावा आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवावी. एकाच बाजूला दात असतील तर काड्या कुठे धरायच्या हे डॉक्टरांकडून बघून घ्यावे. शेक घेतलेल्यांनी हा व्यायाम सहा महिन्यांनी सोडून देऊ नये. आखडणे वर्षानुवर्षे चालू राहते.

तिसरी पायरी: इम्प्लांटची गरज आहे का, हे ठरवणे

सर्वांना इम्प्लांट लागत नाही, आणि हे सांगायला कुणी डॉक्टर लाजत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. एका बाजूचा जबडा गेला आहे, दुसऱ्या बाजूला पाच-सहा घट्ट दात आहेत, तोंड चांगले उघडते, अशा रुग्णाला तारांच्या आधाराची साधी प्लेट वर्षानुवर्षे उत्तम चालू शकते. इम्प्लांटची खरी गरज असते ती तोंडात एकही दात न उरलेल्यांना, दोन्ही बाजूंचा जबडा गेलेल्यांना, आणि ज्यांची प्लेट बोलताना-जेवताना खाली पडते त्यांना. म्युकरमायकोसिसचे अनेक रुग्ण याच गटात मोडतात.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, जो हाडात बसवल्यावर हाड त्याला चिकटून वाढते. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी हे तंत्र १९६५ साली प्रथम माणसाच्या तोंडात वापरले. साधा दंत इम्प्लांट साधारण ८ ते १३ मिलिमीटर लांब असतो. पण जिथे जबडाच नाही तिथे तो बसवायचा कशात? यावर ब्रोनेमार्क यांनीच काढलेला मार्ग म्हणजे गालाच्या उंचवट्याच्या घट्ट हाडात, ज्याला झायगोमा म्हणतात, टोक रोवणारा ३० ते ५२ मिलिमीटर लांबीचा इम्प्लांट. गरजेप्रमाणे प्रत्येक बाजूला एक किंवा दोन बसवतात. वरचा जबडा पूर्ण गेलेला असेल तर चारही इम्प्लांट गालाच्या हाडांत बसवून त्यांवर दातांची पूर्ण रांग उभी करता येते.

दुसरा मार्ग म्हणजे पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसह काढून जबड्याच्या जागी जोडणे आणि त्यात पुढे साधे इम्प्लांट बसवणे. यात टाळूचे भोक कायमचे बंद होते, पण ऑपरेशन मोठे, पायावर जखम, आणि दात मिळेपर्यंत एकाहून अधिक वेळा टेबलावर जावे लागते. तिसरा मार्ग अलीकडचा: सीटी स्कॅनवरून संगणकावर त्या एका रुग्णापुरती टायटॅनियमची चौकट तयार करून घेणे आणि ती उरलेल्या हाडांवर स्क्रूने बसवणे. या तिघांपैकी कोणता चांगला, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझे मत असे की शेतावर राबणाऱ्या, दर महिन्याला शहरात जाऊ न शकणाऱ्या माणसासाठी ज्यात ऑपरेशनची संख्या कमी आणि साफसफाई घरी जमण्यासारखी, तो मार्ग चांगला. मात्र गालाचे हाडच बुरशीने किंवा गाठीने गेले असेल तर झायगोमाचा मार्ग बंद होतो आणि निवड आपल्या हातात राहत नाही.

एका आजोबांनी मला विचारले होते की तोंडात एवढे लोखंड असल्यावर पावसाळ्यात शेतात वीज ओढली जाईल का. नाही. टायटॅनियम गंजत नाही आणि बोटभर धातूने वीज ओढली जात नाही. पाऊस सुरू झाल्यावर झाडाखाली थांबू नये हा जुना नियम मात्र त्यांनाही लागूच आहे.

चौथी पायरी: योग्य वेळ आणि तपासण्या

कर्करोगाच्या रुग्णात काही सर्जन जबडा काढतानाच इम्प्लांट बसवतात, म्हणजे शेकाच्या आधी हाडाला भरून यायला वेळ मिळतो. ते झाले नसेल तर शेक संपल्यावर सहसा सहा महिने ते वर्षभर थांबतात. म्युकरमध्ये बुरशी पूर्ण गेल्याची खात्री दुर्बिणीने आणि सीटी स्कॅनने करून घेतल्याशिवाय घाई करू नये. शेजारच्याला तीन महिन्यांत दात मिळाले म्हणून आपल्यालाही मिळावेत, असा हट्ट धरणाऱ्यांचेच नुकसान मी अधिक पाहिले आहे.

साखर आटोक्यात हवी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी साधारण ७ च्या आसपास आणावी लागते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी झोलेड्रोनिक ॲसिडसारखे इंजेक्शन कधी घेतले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अशा रुग्णात जबड्याचे हाड सडण्याचा धोका असतो. आणि खर्रा. तो सुटला नसेल तर तसे सांगावे, लपवू नये. तंबाखूने इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, आणि सुपारीने तोंड पुन्हा आवळते. ‘फक्त सुपारी खातो, तंबाखू नाही’ हे उत्तर म्हणूनच कामाचे नाही.

झायगोमाचे ऑपरेशन सहसा पूर्ण भूल देऊन करतात. नंतर डोळ्याखाली सूज आणि काळे-निळे डाग येतात, ते आठवडा-दोन आठवड्यांत उतरतात. नजर धूसर झाली, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोळा हलवताना दुखले, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा. पेरणी आणि कापूस वेचणीचे दिवस टाळून तारीख मागितली तर बहुतेक डॉक्टर ऐकतात. माघार घेण्यापेक्षा आधी सांगणे बरे.

पाचवी पायरी: दात पक्के की काढता येणारे

इम्प्लांट घट्ट बसले असतील तर काही दिवसांतच त्यांवर तात्पुरते दात देता येतात. नसतील तर हाड धरण्यासाठी चार ते सहा महिने थांबतात. त्यानंतर निवड दोन प्रकारांत असते. एक, स्क्रूने कसलेले पक्के दात, जे केवळ डॉक्टरच काढू शकतात. दोन, इम्प्लांटवर धातूची पट्टी बसवून तिच्यावर क्लिपने किंवा चुंबकाने अडकणारी प्लेट, जी रुग्ण स्वतः काढून धुतो.

रुग्णांना पहिला प्रकार हवा असतो, कारण ‘फिक्स’ या शब्दाचे आकर्षण मोठे आहे. पण टाळूला भोक उघडे असेल आणि कर्करोग परत येतो का हे आत पाहायचे असेल, तर काढता येणारी प्लेटच शहाणपणाची ठरते. आतली पोकळी डॉक्टरांना प्रत्येक भेटीत दिसते. गालाला आणि ओठाला आतून फुगवटा देऊन चेहरा भरून आणणेही याच प्रकारात सोपे जाते. भोक मांसाने किंवा हाडाने बंद झालेले असेल तर पक्क्या दातांचा आग्रह धरायला हरकत नाही. क्लिप झिजतात आणि बदलाव्या लागतात, हा खर्च आधीच विचारून ठेवावा.

पैसा, कागद आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि कर्करोगाची ऑपरेशने त्यात होतात. दात आणि इम्प्लांट हा वेगळा विषय असतो. रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला ‘जबडा काढणे’, ‘प्लेट’ आणि ‘इम्प्लांट’ हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत आणि जे बसत नाही त्याचा अंदाजित खर्च लेखी घ्यावा; मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेकडे जायचे तर तो कागद लागतोच. खासगीत झायगोमाचे काम लाखांच्या घरात जाते. शेत गहाण टाकण्याआधी एकदा दंत महाविद्यालयात विचारून यावे, एवढेच सांगतो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते.

गावी परतल्यावर

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतालची हिरडी सडू शकते. पट्टीच्या खालून जाड दोरा किंवा बारीक गोल ब्रश रोज फिरवावा, प्लेट प्रत्येक जेवणानंतर धुवावी. नाकातून वास येणारा घट्ट पू येणे, गालावर ताणल्यासारखे दुखणे, प्लेट किंवा दात किंचितही डुगडुगणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. सैल झालेला स्क्रू वेळेत कसला तर पंधरा मिनिटांचे काम असते. तसाच चावत राहिले तर तो मोडतो. आणि शेक घेतलेल्या जबड्यातला दुखणारा दात माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरकडून परस्पर काढून घेऊ नये. मी स्वतः अशा रुग्णांना दुखण्याची गोळी आणि नागपूरची चिठ्ठी देऊन परत पाठवतो, आणि ते रागावतात.

शेवटचे काम फाइलचे. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, लांबी आणि बॅच क्रमांक लिहिलेले चिकट लेबल असते. ऑपरेशनच्या दिवशीच ते मागून आपल्या फाइलमध्ये लावून घ्यावे, कारण प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि तो कसण्याची चावी निराळी असते. दंत महाविद्यालयांत तुमचे काम करणारे शिकाऊ डॉक्टर तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपला की निघून जातात, आणि पाच वर्षांनी क्लिप बदलायला गेल्यावर समोर बसलेल्या नव्या डॉक्टरांना ते लेबल, ऑपरेशनचा कागद आणि शेवटचा सीटी स्कॅन एवढ्याच गोष्टी तुमच्या तोंडात काय आहे ते सांगू शकतात. फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या जोडीला ठेवावी.